सोडून दिलेला मासा

पुणे-बंगळूर महामार्गावर कागल मागे पडलं की दूधगंगेचा पूल लागतो आणि पुलापलीकडे कोगनोळी. इथं महाराष्ट्र संपतो, कर्नाटक सुरू होतो. बोली मात्र तीच राहते. नदी पुढे निपाणी तालुक्यातल्या भोज गावापाशी वेदगंगेला मिळते आणि सदलग्याच्या काठाने कृष्णेकडे जाते. या भोजच्या पाटील घराण्यातले सातगौडा हे शेतकरी. १९२० साली यरनाळ इथं त्यांनी मुनिदीक्षा घेतली आणि आचार्य शांतिसागर म्हणून ते देशभर ओळखले गेले. जवळपास लोपलेली दिगंबर मुनींची परंपरा त्यांच्यामुळे पुन्हा उभी राहिली. सदलग्यात १० ऑक्टोबर १९४६ रोजी जन्मलेला मुलगा पुढे आचार्य विद्यासागर झाला. एवढ्याशा टापूत, एकाच नदीच्या आसऱ्याने, अहिंसा महाव्रत म्हणून जगलेली दोन माणसं घडली.

त्याच नदीच्या काठावर आता सुट्टीच्या दिवशी हातात कास्टिंग रॉड घेतलेले तरुण दिसतात. रॉड सात फुटांचा, रीळ दांड्याच्या वरच्या बाजूला बसवलेलं, मुठीखाली बोट अडकवायला छोटा खटका. हे सामान मुळात अमेरिकेतल्या बास माशासाठी घडलं. दूधगंगेत बास नाही. पण मरळ आहे, आणि ती बाससारखीच पाणवनस्पतींच्या आड दबा धरते, पृष्ठभागावर हललेल्या बेडकावर तुटून पडते. म्हणून बासचा रॉड इथं मरळीसाठी चालतो. यातले बरेचजण मासा घरी नेत नाहीत. फोटो काढतात आणि पाण्यात सोडून देतात. ‘आम्ही मारत नाही, फक्त खेळतो,’ असं ते मनापासून सांगतात.

हे म्हणणं या मातीत तरी तपासून घ्यायला हवं. कारण हा प्रश्न इथं हजार वर्षांपूर्वीच विचारला गेला आहे.

राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या काळात, इसवी सन ९५९ मध्ये, सोमदेवसूरींनी ‘यशस्तिलकचंपू’ हा संस्कृत ग्रंथ पुरा केला. त्यात मृगसेन नावाच्या कोळ्याची कथा येते. क्षिप्रेवर मासेमारीला निघालेल्या मृगसेनाला वाटेत यशोधर मुनी भेटतात. धंदा सोड, असं मुनी त्याला सांगत नाहीत. जाळ्यात पहिला जो मासा येईल तो मारायचा नाही, एवढंच व्रत देतात. पहिला मासा मोठा निघतो. मृगसेन ओळखीसाठी त्याला चिंधी बांधून सोडतो. पुन्हा जाळं टाकतो तर तोच मासा. असं पाच वेळा होतं आणि सूर्य मावळतो. रिकाम्या हाताने आलेल्या नवऱ्याला बायको दार उघडत नाही. बाहेर झोपलेला असताना साप चावून तो मरतो. पुढच्या जन्मी तो व्यापाऱ्याच्या घरी जन्मतो आणि पाच वेळा मृत्यूच्या दाढेतून सुटतो.

पकडून सोडण्याचं याहून जुनं, याहून नेमकं उदाहरण सापडणं कठीण. हौशी मासेमाराला ही कथा आपल्याच बाजूची वाटेल. पण नीट वाचली तर ती त्याला अवघड जागी नेते. मृगसेनाला तो मासा हवा होता. घरात चूल पेटायची होती. सोडताना दर वेळी त्याचं काहीतरी जात होतं, शेवटी तर प्राणच गेला. फोटो काढून मासा सोडणाऱ्याचं काय जातं? मासा त्याला नकोच होता. त्याला हवा होता तो ओढीचा झटका, वाकलेला रॉड, करकरणारं रीळ. आणि ते सगळं मासा सुटण्याआधीच त्याच्या पदरात पडलेलं असतं. नको असलेली वस्तू परत दिली याला दान म्हणत नाहीत. सोडणं चांगलंच आहे, पण त्याला दया हे नाव देण्याआधी थांबायला हवं.

याच ग्रंथात सोमदेव शेतकरी आणि कोळी यांची तुलना करतात. नांगराखाली असंख्य जीव मरतात, तरी शेतकऱ्याला तो दोष तसा लागत नाही. आणि दिवसभर एकही मासा न मिळालेला कोळी मात्र दोषी, कारण त्याचं सगळं ध्यान मारण्याकडे लागलेलं. मनातला संकल्प महत्त्वाचा. हा निवाडा मासेमार समाजांवर फार कठोर आहे, हे स्पष्ट म्हणायला हवं. नदीवर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरणाऱ्या भोयाचं ध्यान माशाला छळण्याकडे नसतं, संध्याकाळच्या भाकरीकडे असतं. सोमदेवांची कसोटी खरी मानली, तर ती आधी लागू पडते हौशी माणसाला. त्याला भूक नाही, बाजार नाही. त्याचा संकल्प निव्वळ झुंजीचा आहे.

जैन आचारशास्त्रात यासाठी एक वेगळं सदर आहे: अनर्थदंड, म्हणजे कारण नसताना दिलेली इजा. समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत, आणि त्यातला एक हिंसादान, म्हणजे हिंसेची साधनं दुसऱ्याच्या हाती देणं. निपाणीजवळच्या स्तवनिधीला १८९९ साली दक्षिण भारत जैन सभा स्थापन झाली; त्या परिसरातल्या श्रावकघरांत हे शब्द परके नाहीत. पण अनर्थदंडाची कल्पना फक्त जैनांची राहिलेली नाही. स्वित्झर्लंडने २००८ मध्ये प्राणिसंरक्षणाचे नियम बदलले आणि सोडून देण्याच्याच इराद्याने मासे पकडण्यावर बंदी आणली. तिथला तर्क असा: खाण्यासाठी पकडलात तर त्या वेदनेला कारण आहे, नुसतं सोडायला पकडलात तर ती वेदना विनाकारण. समंतभद्रांना हा युक्तिवाद परिचयाचा वाटला असता.

मासा खरंच कळवळतो का, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. २००३ मध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत सौम्य आम्ल टोचून पाहिलं. मासे खाईनासे झाले, काही तळाच्या खड्यांवर ओठ घासू लागले. ही जाणीव आहे की नुसती शरीराची प्रतिक्रिया, यावर आक्षेप घेतले गेले. पण संशयाचा फायदा कुणाला द्यायचा, हा प्रश्न प्रयोगशाळेतला नाही. गळ ज्याच्या हातात आहे त्याने तो सोडवायचा आहे.

उलट बाजूचं उदाहरणही आहे. अमेरिकेत रे स्कॉट यांनी उभारलेल्या ‘बास’ या संघटनेने १९७२ मध्ये स्पर्धांत पकडलेले मासे मारू नका, अशी मोहीम सुरू केली आणि पकडून सोडणं हा सभ्य मासेमाराचा रिवाज झाला. तोच बास मासा जपानच्या बिवा सरोवरात बाहेरून आला आणि मूळच्या माशांच्या जिवावर उठला. तेव्हा तिथल्या शिगा प्रांताने २००३ पासून पकडलेला बास परत सोडायलाच मनाई केली. एका पाण्यात सोडणं सत्कृत्य, दुसऱ्यात मनाई. कृती तीच, मासा तोच. तेव्हा ‘मी सोडतो’ एवढ्या दोन शब्दांत कुणाचाच निवाडा होत नाही.

मग रॉड घ्यायचाच नाही का? मुनींचं उत्तर ठरलेलं आहे आणि ते स्वच्छ आहे. पण मृगसेनाला त्यांनी ते दिलं नाही. त्याला झेपेल अशा एका मर्यादेपासून सुरुवात करून दिली. काठावर जाणारच असा जो आहे, त्याच्यासाठी प्रश्न दुकानातच सुरू होतो.

रॉडच्या मुठीच्या वर बारीक अक्षरांत चार-पाच आकडे छापलेले असतात: लांबी, ताकद, शेंडा किती लवकर वाकतो ते, दोरी किती पौंडांची चालेल, आमिष किती वजनाचं. विकणारा हे आकडे लांब फेक आणि हाताची मजा यांच्या भाषेत समजावतो. ते माशाच्या बाजूनेही वाचता येतात. मरळीचा जबडा हाडासारखा टणक, आणि ती लागताक्षणी जलपर्णीत घुसते. हलका, मऊ रॉड वापरला तर झुंज लांबते. मासा दमून निपचित पडतो, आणि सोडल्यावर पोहत गेला तरी पुढे जगेलच असं नाही. म्हणून साडेसहा ते सात फूट, मिडियम-हेवी ताकदीचा, फास्ट अ‍ॅक्शनचा, सात ते एकवीस ग्रॅम आमिष पेलणारा रॉड घ्यावा. दाट जलपर्णीत बेडूक टाकायचा असेल तर त्याहून एक पायरी जड. यात हाताला ‘खेळ’ कमी मिळतो. माशाला लवकर सुटका मिळते.

किमतीचंही तसंच. हजार-बाराशेच्या रॉडमध्ये दोरी ज्या कड्यांतून जाते त्यांच्या आतलं सिरॅमिक निखळतं किंवा त्याला टवका जातो. कानात घालतात तशी कापसाची काडी प्रत्येक कड्यातून फिरवून पाहावी; तंतू अडकला तर तिथं धार आहे, आणि ती धार विणलेली दोरी हळूहळू कापत राहते. ऐन ओढीत दोरी तुटली की मासा तोंडात गळ आणि मागे लांबच लांब धागा घेऊन पळतो. तो धागा जलपर्णीत गुंततो. मरळ हवेत श्वास घेणारा मासा आहे, तिला ठराविक वेळाने वर यावंच लागतं. वर येता आलं नाही तर ती पाण्यात असूनही गुदमरून मरते. स्वस्त रॉडची खरी किंमत ही.

तीन हजारांपासून सहा-सात हजारांपर्यंतच्या रॉडमध्ये भरवशाचा कार्बन दांडा, चांगल्या सिरॅमिकची कडी, न हलणारी रीळबैठक मिळते. माशाला लागणारं सगळं इथं संपतं. पुढे पंचवीस-तीस हजारांपर्यंत जाता येतं, पण त्या पैशात मिळतो तो हलकेपणा, मनगटाला कमी ताण, बोटांपर्यंत पोचणारी सूक्ष्म थरथर. त्यातलं माशाच्या वाट्याला काहीच येत नाही. उलट जास्त कडक कार्बन ठेच लागली तर लवकर तडकतो. गृहस्थाच्या अणुव्रतांत पाचवं परिग्रह-परिमाण: आपल्याला किती पुरे, हे आधीच ठरवून घेणं. रॉडच्या बाबतीत ही रेघ कुठं मारायची ते माशाकडे पाहून ठरवता येतं, आणि ती मधल्या किमतीवर येते, हा काही योगायोग नव्हे.

गळाचा काटा पकडीने दाबून सपाट करावा. मासे थोडे जास्त सुटतील. जे लागतील त्यांचं तोंड कमी फाटेल. इथं मासेमाराचं खरोखर काही जातं.

सगळ्यांत मोठी कसोटी मात्र पावसाळ्यात लागते. जून-जुलैत नदी पात्राबाहेर पसरते, तेव्हा काठच्या उथळ पाण्यात मरळीची तांबूस पिल्लं थव्याने फिरतात. श्वासासाठी ती एकदम वर येतात, आणि तेवढ्याच वर्तुळात बारीक पाऊस पडल्यासारखं पाणी शहारतं. आईबाप थव्याखाली पहारा देत असतात. जाणकार मासेमाराला हे लांबून ओळखता येतं, आणि मोह तिथंच असतो: प्लास्टिकचा बेडूक थव्याच्या मधोमध टाकला की मोठी मरळ हमखास झडप घालते. ती भुकेने घालत नाही. पिल्लांवर आलेला शत्रू हाकलायला घालते. तिला पाच-दहा मिनिटं काठावर ठेवून, फोटो काढून, अगदी हळुवार सोडलं तरी तेवढ्यात चिलापी आणि इतर मासे पिल्लांवर तुटून पडलेले असतात. अमेरिकी बासचा नरही असाच घरट्यावर पहारा देतो. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात अनेक भागांत त्या दिवसांत बास धरायला बंदी असते ती यामुळेच. सोडलेल्या एका माशाच्या हिशेबात न सोडलेली शेकडो पिल्लं धरली जात नाहीत.

कुणी म्हणेल, नदीत साखर कारखान्यांचं आणि गावांचं सांडपाणी उतरतं, शेजारच्या पंचगंगेवर तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडतो, आणि बोट दाखवायचं ते एका रॉडवाल्यावर? तक्रार रास्त आहे. जैन विचारात प्रमाद, म्हणजे बेपर्वाई, हेच हिंसेचं मूळ. आणि बंधाऱ्यावरचं ते मरण सरळ प्रमादाचं आहे. त्याविरुद्ध बोललंच पाहिजे, आणि रोज काठावर असलेल्या मासेमाराइतक्या लवकर ते कुणाला दिसत नाही. पण दुसऱ्याचा प्रमाद मोठा म्हणून आपला संकल्प धुतला जात नाही. दोन्ही हिशेब वेगवेगळे राहतात.

पावसाळ्यात जीवसृष्टी उसळून येते, पावलागणिक हिंसा होते, म्हणून मुनी चातुर्मासात विहार थांबवतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तीही माशांच्या विणीसाठी. दूधगंगेच्या काठच्या हौशी माणसाने आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत रॉड घरात ठेवला, तर ते मृगसेनाच्या व्रताच्या बरंच जवळ जातं, कारण मरळ सगळ्यांत सहज लागते ते हेच दिवस. जूनचा जवळपास सगळा महिना, आणि पुष्कळदा जुलैचेही काही आठवडे, या मुदतीबाहेर राहतात आणि पहिल्या पुराबरोबर मरळ अंडी घालू लागते; तेव्हा सुरुवात एकादशीची वाट न पाहता मिरगाच्या पावसाबरोबर करावी.