होडीतली विश्रांती



मागच्या वर्षी आम्ही चार धर्मगुरू केरळात आलप्पुळा येथे एक रात्र हाउसबोटीवर राहिलो. मोबाईल बंद करून पिशवीत ठेवायचे, असे ठरले होते. तिथे ह्या नावेला ‘केट्टुवल्लम’ म्हणतात, म्हणजे बांधलेली नाव. अंजिलीच्या फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना बांधलेल्या, खिळा नाही. पूर्वी ह्यांतून कुट्टनाडचे भात वाहून नेत. रस्ते झाले, नावा रिकाम्या पडल्या, मग पर्यटक आले. वातानुकूलित बोटींवर रात्रभर जनरेटर धडधडतो. तिथे कसला एकांत! आमची बोट लहान, बॅटरीवरचे दोन दिवे. संध्याकाळ होताच नावाड्याने ती काठाला बांधली. रात्री कोळी जाळी टाकतात, तेव्हा हाउसबोटींनी हलायचे नाही. आपल्या कोळीबांधवांना हे ऐकून बरे वाटेल.

पहिले दोन तास माझा हात सारखा खिशाकडे जात होता. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ‘एकांत आणि एकटेपणा’ ह्या विषयावर मी निबंध लिहिला होता. गुणही चांगले पडले होते! अनुभव मात्र काहीच नव्हता, हे त्या रात्री कळले. पण पहाटे रोझरी म्हणताना कित्येक वर्षांनी मला घाई नव्हती.

सकाळी फोन सुरू केला. आठ मिस्ड कॉल. आपल्या धर्मग्रामातील एक आजोबा रात्री अत्यवस्थ झाले होते. शेजारच्या धर्मग्रामातील फादर धावत आले, त्यांनी तैलाभ्यंग दिला आणि आजोबा प्रभूकडे गेले. मी परतल्यावर त्यांचा मुलगा शांतपणे एवढेच म्हणाला, “फादर, बाबा तुमचं नाव घेत होते.”

त्यानंतर मार्कलिखित शुभवर्तमानाचा सहावा अध्याय मी पुनःपुन्हा वाचला. प्रेषित सेवाकार्य करून दमून आले आहेत, जेवायलाही सवड नाही. येशू त्यांना विसाव्यासाठी होडीने एकांत स्थळी नेतो. पण लोक पायी धावत त्यांच्याआधी तिथे पोहोचतात. म्हणजे शिष्यांना एकांत मिळाला तो फक्त होडीतला, ह्या काठापासून त्या काठापर्यंतचा! किनाऱ्यावर गर्दी पाहून प्रभूने होडी मागे फिरवली नाही. त्याला त्यांचा कळवळा आला. मात्र होडीत बसायलाच नको होते, असेही तो कुठे म्हणत नाही. लोकांना भाकरी देऊन झाल्यावर तो स्वतः प्रार्थनेसाठी डोंगरावर गेला.

त्या मुलाला मी हे सांगितले नाही. सांगून त्याचे दुःख कमी झाले नसते. मी त्याची क्षमा मागितली, त्याने चहा दिला.

पुढच्या महिन्यात मी पुन्हा एक दिवस एकांतात जाणार आहे. त्या दिवशी शेजारचे फादर इथेच मुक्कामाला असतील. त्यांचा नंबर ऑफिसच्या दारावर लावलेला असेल. रात्री कितीही वाजता फोन करा, ते येतील.