गर्दीच्या हातातले बटण

एखाद्या चित्रपटावर जीव टाकणाऱ्याच्या मताला समीक्षेच्या पंगतीत सहसा पाट मिळत नाही. समीक्षकाने तटस्थ असावे ही अपेक्षा रूढ आहे आणि चाहता तर मुळातच पक्षपाती. मराठी तरुण स्वतःला अमक्याचा ‘पंखा’ म्हणवून घेतो तेव्हा इंग्रजी शब्दावरच्या कोटीबरोबरच, आपले म्हणणे कोणी फारसे मनावर घेणार नाही याची आगाऊ कबुलीही तो देत असतो. तरीही काही कलाकृतींचा अर्थ चाहत्याच्या हट्टातूनच अधिक नेमका हाती लागतो, कारण समीक्षक एकदा पाहून लिहितो, तर चाहता तीच गोष्ट दहा-वीस वेळा पाहतो आणि दर वेळी स्वतःच्या जगण्याशी ताडून पाहतो. १८ जुलै २००८ रोजी प्रदर्शित झालेला, क्रिस्टोफर नोलन दिग्दर्शित ‘द डार्क नाइट’ हा अशांपैकी एक होय. शिकागोच्या रस्त्यांवर चित्रित झालेल्या या काल्पनिक गॉथम शहराच्या कथेची खरी पारख नालासोपाऱ्याच्या चाहत्याला करता येते, असे म्हणणे वरवर पाहता धाडसाचे वाटले, तरी त्याला कारणे आहेत.

हा चित्रपट उत्तरभाग आहे, म्हणजे बोलीत ज्याला ‘सीक्वेल’ म्हणतात तो, ही गोष्ट चाहते अभिमानाने सांगतात, कारण उत्तरभाग हा प्रकार बहुधा पहिल्या भागाच्या पुण्याईवर पोट भरणारा मानला जातो. २००५ च्या ‘बॅटमन बिगिन्स’ने ब्रूस वेन या श्रीमंत अनाथाचा बॅटमन कसा झाला ते सांगून टाकले होते, त्यामुळे दुसऱ्या भागाला जन्मकथेत वेळ घालवावा लागला नाही, आणि असा नायक बाळगण्याची किंमत शहराला काय पडते हा प्रश्न त्याला थेट हाती घेता आला. त्याची पेरणी पहिल्या भागाच्या अखेरच्या प्रसंगातच झालेली होती. पोलिसांची शस्त्रे वाढली की गुन्हेगारांचीही वाढतात, आणि मुखवटा घालून छपरांवरून उड्या मारणारा कोणी उगवला की समोरूनही त्याच तोलाचा कोणी येणार, अशी शंका पोलीस अधिकारी गॉर्डन बोलून दाखवतो आणि पत्त्यांतला जोकर बॅटमनच्या हाती देतो. पहिल्या भागाने काढलेले हे कर्ज दुसरा भाग व्याजासकट फेडतो.

या चित्रपटाला लावले जाणारे ‘डार्क’ हे विशेषण केवळ रात्रीच्या दृश्यांपुरते नाही. ज्या कथेत नायक कायद्याच्या बाहेर उभा राहून कायद्याचेच काम करतो, आणि ते करताना त्याचे हात स्वच्छ राहतील याची हमी कथा देत नाही, ती या अर्थाने अंधारी असते. बॉब केन आणि बिल फिंगर यांनी १९३९ मध्ये ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७ व्या अंकात आणलेला बॅटमन पुढे दूरदर्शन मालिकेत पार विनोदी झाला होता, त्याला हा अंधार परत मिळाला तो प्रामुख्याने १९८६ च्या फ्रँक मिलरच्या चित्रकथेने. मराठी वाचकाला हा नायक अगदीच परका नाही. नालासोपाऱ्याच्या शेजारी, विरारच्या पश्चिमेला समुद्राकाठी असलेल्या अर्नाळ्याचे नाव टोपणनावात वागवणारे बाबूराव अर्नाळकर, मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि कायद्याला चकवून दुष्टांना धडा शिकवणारा त्यांचा ‘काळापहाड’ वाचनालयांतून घरोघर पोचला. मात्र अर्नाळकरांच्या जगातला अंधार पुस्तक मिटले की संपत असे, आणि काळापहाड आहे म्हणून शहराचे काही बिघडले, असा विचार वाचकाच्या मनाला शिवतही नसे. नोलनच्या चित्रपटात नेमके तेच विचारले जाते.

चाहत्यांचा उत्साह सर्वाधिक उतू जातो तो मात्र जोकरवर. ही भूमिका करणारा हीथ लेजर २२ जानेवारी २००८ रोजी, चित्रपट लोकांपुढे येण्याआधीच, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेला आणि पुढच्या वर्षी त्याला मरणोत्तर ऑस्कर मिळाले, त्यामुळे त्या अभिनयाभोवती एक हळवे वलय तयार झाले हे खरे. पण वलय बाजूला ठेवले तरी काम उरतेच. जोकर आपल्या गालांवरच्या व्रणांची कहाणी दोनदा सांगतो, दोन्ही वेळा वेगळी, आणि त्यामुळे त्याच्या क्रौर्याला बालपणाचे वा दारिद्र्याचे निमित्त शोधू पाहणाऱ्या प्रेक्षकाच्या हाती काहीच लागत नाही. अशा पात्राचे संवाद तोंडपाठ करणे म्हणजे विकृतीची आवड, असे मानणाऱ्यांनी नरसिंह चिंतामण केळकर यांची ‘सविकल्प समाधी’ ही कल्पना आठवावी. वाचक पात्राशी एकरूप होतो, तरी आपले वेगळेपण विसरत नाही, आणि या दुहेरी अवस्थेतूनच आनंद निर्माण होतो, असे केळकरांनी साहित्याबद्दल मांडले होते. करुण किंवा भयानक प्रसंगही हवासा का वाटतो, याचा उलगडा त्यातून बऱ्याच अंशी होतो. जोकरच्या हसण्याची नक्कल करणारा मुलगा दुसऱ्या दिवशी निमूटपणे परीक्षेला बसतो, तेव्हा तो केळकरांच्याच सिद्धान्ताला दुजोरा देत असतो. तरीही जो चाहता जोकरपाशीच थांबतो, त्याने अर्धाच चित्रपट पाहिला असे म्हणावे लागेल.

उरलेला अर्धा चित्रपट पाहण्यासाठी एक तारीख लक्षात घ्यावी लागते. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी, अवघ्या अकरा मिनिटांत, पश्चिम रेल्वेच्या सात उपनगरी गाड्यांच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत स्फोट झाले आणि १८० हून अधिक माणसे गेली. त्या गाड्यांपैकी काही विरारकडे निघालेल्या होत्या, म्हणजे नालासोपाऱ्याची माणसे त्यांत असणे क्रमप्राप्तच होते. त्यानंतर दोन वर्षे आणि एक आठवड्याने ‘द डार्क नाइट’ आला. स्फोटके पेरलेली इस्पितळे, मुदत देऊन ओलीस धरलेली माणसे, शहर सोडून पळणारी गर्दी हे अमेरिकी प्रेक्षकाने न्यूयॉर्कच्या आठवणीने पाहिले असेल. पश्चिम रेल्वेच्या या टोकाला राहणाऱ्याला त्यासाठी इतके लांब जाण्याची गरज नव्हती.

पोलीस कोठडीत बॅटमन जोकरला बेदम मारतो तो प्रसंग या संदर्भात पुन्हा पाहण्यासारखा आहे. पडद्यावर ती मारहाण सुरू झाली की प्रेक्षागृहातून शिट्ट्या येतात, आणि त्या स्वाभाविकही आहेत. पण त्या मारातून बाहेर पडते काय, तर दोन पत्ते, तेही अदलाबदल केलेले. बॅटमन जिला वाचवायला धावतो ती रेचेल मरते आणि त्याला सापडतो तो सरकारी वकील हार्वी डेंट. शिट्टी वाजवणाऱ्याला चित्रपट दहा मिनिटांत त्या शिट्टीची किंमत वसूल करून दाखवतो. मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी २००६ च्या खटल्यातील आरोपींची निर्दोष मुक्तता करताना कबुलीजबाबांवर विसंबण्यास नकार दिला, आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या निकालाची चर्चा करण्याची ही जागा नव्हे. परंतु घाईच्या न्यायाला कायदा संशयाने का पाहतो हे ज्याला पुस्तकातून पटत नाही, त्याला कदाचित कोठडीतला तो प्रसंग पटवू शकेल.

चित्रपटाचा गाभा मात्र याच्याही पुढे, दोन बोटींच्या प्रसंगात आहे. जोकरच्या धमकीने शहर रिकामे होत असताना एका बोटीत साधे नागरिक आहेत, दुसरीत कैदी. दोन्हींत स्फोटके असून प्रत्येक बोटीच्या हाती दुसरी बोट उडवण्याचे बटण आहे, आणि मध्यरात्रीपर्यंत कोणीच ते दाबले नाही तर दोन्ही उडवल्या जातील असे जोकरने बजावले आहे. ज्याला गणितात ‘कैद्यांचा पेच’ म्हणतात, म्हणजे समोरच्याच्या मनात काय आहे ते न कळता, दगा द्यावा की विश्वास ठेवावा याचा निर्णय दोघांनी आपापल्या जागी घेण्याची परिस्थिती, तिच्या जवळचा हा प्रकार आहे. नागरिकांच्या बोटीवर चक्क मतदान होते: ३९६ जण बटण दाबावे म्हणतात, १४० जण नको म्हणतात. कैद्यांना त्यांची संधी मिळून गेली, असा युक्तिवादही होतो. आणि तरीही बटण दाबले जात नाही. एक गृहस्थ ते काम अंगावर घेतो, पेटी हातात धरतो आणि परत ठेवून देतो. पलीकडच्या बोटीवर एक आडदांड कैदी तुरुंगाधिकाऱ्याकडून बटण मागून घेतो आणि सरळ खिडकीतून पाण्यात फेकतो. बहुमताला जे हवे होते ते करायला एकही हात तयार होत नाही, आणि जोकरचा सबंध चित्रपटातला पहिला खरा पराभव होतो तो इथे, ज्यांची नावेही कथेने सांगितलेली नाहीत अशा माणसांकडून.

पाश्चात्त्य समीक्षकांपैकी काहींना हा प्रसंग भाबडा वाटला. विरारच्या गाडीने रोज जाणारा त्याला भाबडा म्हणणार नाही. त्या गाडीचा एक अलिखित कायदा आहे: बोरिवलीला उतरणाऱ्याने विरार फास्टमध्ये चढू नये, आणि चढलाच तर दारातली माणसे ‘तुमच्यासाठी दुसऱ्या गाड्या आहेत’ असे त्याला ऐकवतात, ज्यात बोटीवरच्या युक्तिवादाचाच सूर आहे. नालासोपाऱ्याला सकाळी जागा मिळणे अशक्य म्हणून काही जण आधी उलटे विरारला जातात आणि बसून परत येतात, मग फलाटावरचे त्यांच्या नावाने बोटे मोडतात. मतदान घेतले, तर त्या डब्यात कोणालाही आत घेऊ नये हा ठराव रोज प्रचंड बहुमताने मंजूर होईल. आणि तरीही गाडी हलल्यावर कोणी धावत आला की, क्षणापूर्वी ‘जागा नाही’ म्हणून ओरडणाराच हात पुढे करून त्याला दंडाला धरून आत ओढतो. तिघांच्या बाकावर चौथ्यासाठी वीतभर जागा निघते, तिथे तो अर्ध्या मांडीवर टेकतो आणि त्याची बॅग ओळखदेख नसलेल्या माणसाच्या मांडीवर जाते. माणसांचे मत आणि माणसांचा हात यांत एवढे अंतर असू शकते, हे नोलनला पटकथेत सांगावे लागले. इथे ते रोज सव्वाआठला दिसते, आणि त्याच डब्यात कोणी एका हाताने वरची कडी धरून दुसऱ्या हातातल्या तळहाताएवढ्या फोनवर, आयमॅक्सच्या प्रचंड पडद्यासाठी मुद्दाम ७० मिलिमीटरच्या फिल्मवर टिपलेली गॉथमची रात्र पाहत असतो.

यावर एक आक्षेप घेता येतो आणि तो हलका नाही. २००६ च्या स्फोटांनंतर दुसऱ्या दिवशी लोक कामावर गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी ‘मुंबईचे स्पिरिट’ म्हणून त्यांची पाठ थोपटली. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी भरून वसई-विरार वाहतूक बंद पडली, तेव्हाही तेच कौतुक झाले. ज्याचा एक दिवसाचा पगार कापला जाणार आहे त्याच्या हतबलतेला शौर्य म्हणणे ही व्यवस्थेची सोय असते, आणि नालासोपाऱ्याचे रहिवासी त्या शब्दाला विटले आहेत ते उगाच नव्हे. पण दारातून पुढे झालेल्या हाताची गोष्ट निराळी आहे. कामावर जाण्याची सक्ती असते. धावणाऱ्याला आत ओढण्याची नसते. बोटीवरचा प्रसंग खरा वाटतो तो या दुसऱ्या जातीच्या कृतीमुळे, आणि चाहता ज्याला भाबडेपणाने ‘अंगावर काटा आला’ म्हणतो, त्यात ही ओळख असते.

मग चित्रपट शेवटी जे करतो ते या चाहत्याने सहज माफ करू नये. रेचेलच्या मृत्यूनंतर हार्वी डेंट खुनी झाला, हे सत्य बॅटमन आणि गॉर्डन लपवतात. खुनांचा आळ बॅटमन स्वतःवर घेतो, कारण लोकांना खरे कळले तर त्यांचा धीर खचेल अशी दोघांची खात्री आहे. ज्या लोकांनी थोड्याच वेळापूर्वी, अंधारात, मरण समोर असताना बटण दाबले नाही, त्यांनाच सत्य पेलणार नाही असे हे दोघे ठरवून मोकळे होतात. बहुतेक चाहते या शेवटाला त्यागाचा कळस मानतात, आणि गॉर्डनचे बोलणे चालू असताना पळत सुटलेला बॅटमन पाहून भारावून जातात. ते भारावणे समजण्यासारखे आहे, परंतु चित्रपटाने आपल्याच सर्वोत्तम प्रसंगावर इथे अविश्वास दाखवला आहे, हेही तितकेच खरे. २०१२ च्या तिसऱ्या भागात ते खोटे उघडकीला येऊन शहर कोसळते, म्हणजे नोलनलाही ही फट दिसलेली असावी.

राज्यकर्त्याने आपला अपराध लोकांना सांगावा की नाही, हा प्रश्न नालासोपाऱ्याच्या मातीला नवा नाही. हे गाव म्हणजे प्राचीन शूर्पारक, पश्चिम किनाऱ्यावरचे नामांकित बंदर. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथल्या ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकाडात बौद्ध स्तूप उकरला आणि त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांना गवसला. चौदा लेखांच्या या मालिकेतील तेराव्या लेखात कलिंगच्या युद्धातील संहाराबद्दल अशोकाने आपला पश्चात्ताप उघडपणे कोरून ठेवला आहे. मात्र खुद्द कलिंगमध्ये, धौली आणि जौगड येथे, तो तेरावा लेख कोरलेलाच नाही. ज्यांची माणसे मेली त्यांच्यापुढे पश्चात्तापाऐवजी, प्रजेला पोटच्या पोरांसारखे वागवा अशा अधिकाऱ्यांना दिलेल्या सूचना आहेत. गॉर्डनचा हिशेब सम्राटालाही सुचला होता. सोपाऱ्याजवळ पुढे नवव्या लेखाचा तुकडा मिळाला, तेरावा मिळालेला नाही. आठव्याचा तुकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे, आणि तो ज्या लेखाचा भाग आहे त्यात राजा सांगतो ते एवढेच, की पूर्वीचे राजे शिकारीला निघत, तो मात्र आपल्या मुलखातल्या लोकांना भेटायला निघाला.