लडाखमधील पाण्याचे वेळापत्रक

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. पाऊस आणि बर्फ मिळून तेथे वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाणी पडते. शेती पिकते ती डोंगरावरून वितळून येणाऱ्या बर्फावर. उन्हाळा आखूड असल्याने जवाची पेरणी लवकर उरकावी लागते. उशीर झाला की पीक हाती येण्याआधीच थंडी गाठते. पण ५,००० मीटरच्या वरच्या हिमनद्या जूनच्या आधी पुरेसे पाणी सोडत नाहीत. मधले दोन महिने खालच्या उतारांवर साठलेला हिवाळी बर्फ भागवत असे. तोच आता भरवशाचा राहिलेला नाही. पाणी किती, याइतकाच ते कधी, हा तेथील प्रश्न आहे.

चेवांग नोरफेल या स्थापत्य अभियंत्याने नेमके हेच हेरले. हिवाळ्यात ओढ्यांचे पाणी शेताला न लागता वाहून जाते. ते गावाच्या वरच्या बाजूला, सावलीच्या दरीत वळवून दगडी बांधांनी संथ केले, तर थरांथरांनी गोठते. आणि जागा हिमनदीपेक्षा खाली असल्याने ऐन पेरणीच्या वेळी वितळते. असा पहिला प्रयोग त्यांनी १९८७ मध्ये फुकत्से गावी केला. सोनम वांगचुक यांनी २०१३पासून हाच विचार बर्फस्तूपाच्या रूपात पुढे नेला. उंचावरून नळाने आणलेले पाणी स्वतःच्याच दाबाने कारंज्यासारखे उडते आणि त्याचा शंकू गोठतो. शंकूत बर्फ भरपूर पण उन्हाला उघडा भाग कमी, म्हणून तो सावलीवाचूनही टिकतो. छायाचित्रांत स्तूप जास्त झळकतो, हे ओघानेच आले. तरी दोन्ही उपाय पाणी निर्माण करत नाहीत, त्याची वेळ तेवढी बदलतात. मूळ ओढाच रोडावला तर गोठवायचे काय?

शिवाय साठवलेले पाणी वाटावेही लागते. त्यासाठी लडाखी गावांत 'चुरपोन' नेमण्याची जुनी रीत आहे. महाराष्ट्रातील फड सिंचन पद्धतीतल्या पाटकऱ्यासारखा तो पाण्याच्या पाळ्या सांभाळतो. ही व्यवस्था आहे म्हणूनच नव्या बर्फाचा उपयोग होतो. बाहेरून येणाऱ्या योजनांत पाइप आणि सिमेंटचा हिशेब असतो, चुरपोनचा क्वचितच.

संकट नेहमी टंचाईचेच असते असे नाही. ५ ऑगस्ट २०१०च्या रात्री लेह परिसरात अतिवृष्टी होऊन चिखलाचे लोंढे आले आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली. कच्च्या विटांच्या भिंती, मातीची सपाट छपरे ही कोरड्या थंडीसाठी शतकानुशतके घडलेली बांधणी. तिला मुसळधार पाऊस माहीतच नव्हता.

काही ठिकाणी जुळवून घेण्याची शक्यताच संपते. झंस्कारमधील कुमिक गावाचा ओढा आटत गेला, तेव्हा ग्रामस्थांनी गाव सोडून खाली नदीकाठच्या ओसाड माळावर वसण्याचा निर्णय घेतला. त्या माळावर पाणी आणणारा कालवा त्यांनाच श्रमदानातून खणावा लागला.