परकायाप्रवेशाची यादी

आमच्या घरी पोथी आणि कादंबरी एकाच फडताळात असतात, पण एका कप्प्यात नाही. वरच्या कप्प्यात लाल कापडात बांधलेलं ‘नवनाथ भक्तिसार’, खालच्या कप्प्यात बाकी सगळं. ही वाटणी सासूबाईंची. श्रावणात नवनाथांचा अध्याय वाचायचा नेम घरात त्यांच्याही आधीपासूनचा. पण त्यांना अक्षरओळख नव्हती, म्हणून वाचण्याचं काम माझ्याकडे आलं. मी शाळामास्तरीण, माझी ना नव्हती. एका दुपारी मी ‘पण लक्षात कोण घेतो’ वाचताना डोळे पुसत होते, तेव्हा त्यांनी विचारलं, “खोट्या मानसासाठी कायले रडते व माय?”

प्रश्न साधा नाही. संसारच माया, तर कादंबरी ही मायेच्या पोटातली माया. त्यातली यमू कधी जन्मलीच नाही. हरि नारायण आपट्यांनी 1890मध्ये सुरू झालेल्या आपल्या ‘करमणूक’ पत्रातून तिला आठवड्या-आठवड्याला लिहीत नेलं. तिचं बळजबरीनं केलेलं केशवपन वाचून मी रडले, त्यानं कोणाचं काय भलं झालं?

हीच शंका टॉलस्टॉयला म्हातारपणी आली. ‘ॲना कॅरेनिना’ आणि ‘युद्ध आणि शांती’ लिहून झाल्यावर त्यानं कलेवर एक पुस्तक लिहिलं आणि त्यात दोन छोट्या गोष्टी सोडून आपलं सगळं लेखन वाईट कलेत जमा केलं. आमच्या सासूबाई रशियात असत्या तर दोघांचं छान जमलं असतं! त्या पुस्तकाचा मराठी अनुवाद केला साने गुरुजींनी. गुरुजी अमळनेरला आले ते तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, ते उतरवून घेणारे हेच. आणि पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. फळाची आशा सोडा, हे ज्या हातानं टिपलं त्याच हातानं अख्ख्या महाराष्ट्राला रडवलं. गुरुजींना यात विसंगती दिसली नसावी. मलाही दिसत नाही.

मागच्या वर्षी पुण्याच्या भाचीनं शंभर अभिजात कादंबऱ्यांची यादी पाठवली. मरण्याआधी वाचायलाच हव्यात म्हणे. मला त्या यादीत फलश्रुती दिसली. पोथीच्या शेवटी असते ना, निपुत्रिकाला पुत्र, दरिद्र्याला धन; तशी इथे सुरुवातीलाच, वाचणाऱ्याला शहाणपण. फळाकडे डोळा ठेवून वाचायचं तर पोथी काय वाईट? तिच्यात निदान पुण्य तरी आहे. कादंबरी काहीच कबूल करत नाही, म्हणून तर निष्काम कर्म शिकायला ती जास्त सोयीची.

पण फळ नको म्हटलं की निवडायचं कशावरून, हा पेच उरतोच. मला त्याचं उत्तर वरच्याच कप्प्यात सापडलं. मच्छिंद्रनाथ त्रिविक्रम राजाच्या मृत देहात शिरतात, राज्य करतात, संसार करतात आणि मागे त्यांचा स्वतःचा देह शिष्य गोरक्षाच्या हवाली असतो. कादंबरी वाचणं म्हणजे हाच परकायाप्रवेश. मग निवडीची कसोटी अशी, की या पुस्तकाविना मी ज्या देहात कधीच शिरले नसते, तो देह ते मला देतं का?

म्हणून माझ्या यादीत ‘बळी’ आहे. मालतीबाई बेडेकरांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीत नोकरी केली होती. तारेच्या कुंपणाआडचं ते जगणं त्यांनी 1950मध्ये विभावरी शिरूरकर या नावानं लिहिलं. अण्णा भाऊंचा ‘फकिरा’ आहे. उद्धव शेळक्यांची ‘धग’ तर आहेच. ती मी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवली होती. मी मुद्दाम काही म्हटलं नाही. पण कौतिकच्या नवऱ्याला, त्या महादेवला, त्यांनी अस्सल लेवा शिव्या घातल्या. खोटा माणूस होता तो, तरी.

‘कोसला’ या कसोटीत बसते का, यावर मी बराच खल केला. नेमाडे आमच्या यावल तालुक्यातल्याच सांगवीचे. केळी, पाट, भाऊबंदकी, सगळं ओळखीचं, मग तिथे परका देह कुठला? पण नायकाच्या बहिणीच्या, मनीच्या मरणाची पानं वाचताना कळतं, की आपल्याच गावात बापाच्या पैशावर शिकून हात हलवत परत आलेला जो पोरगा पारावर बसलेला दिसतो, त्याच्या आत आपण कधी डोकावलो नव्हतो. त्याला आपण नुसतं वाया गेलेला म्हणतो. शेजारच्या देहात शिरणं रशियन बाईच्या देहात शिरण्यापेक्षा कठीण. ॲनाला दुरून माफ करता येतं.

परकायाप्रवेशात धोकाही आहे. मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात इतके रमले की गोरक्षाला त्यांना आणायला जावं लागलं. म्हणून यादी लहान हवी आणि वाचनाला नेम हवा, पोथीला असतो तसा. संध्याकाळी दिवा लावला की पुस्तक बंद. शंभर देहांत धावत जाऊन येणारा कुठेच राहत नाही. त्यापेक्षा थोड्या देहांत पुन्हा पुन्हा जावं. पोथी दरवर्षी वाचतो, मग ‘धग’ का नाही?

यादीत नव्याला जागा करायची तर एक पुस्तक बाहेर. सध्या ‘ययाति’ काढायला निघाले आहे. ज्ञानपीठ मिळालेली कादंबरी, भाषा सुरेख, पण ययाती मला शर्मिष्ठेच्या देहात पुरतं शिरू देत नाही. आपलंच सांगत सुटतो. यावरून घरात वाद आहे. यजमान रात्रीच्या लाइटीवर केळीला पाणी भरायला जातात, तेव्हा मोटार चालू असेपर्यंत बॅटरीच्या उजेडात तीच वाचतात. म्हणाले, ती काढायची नाही. म्हटलं, मग तुमची यादी वेगळी करा. त्यांनी केली. तिच्यात एकच पुस्तक आहे.