तह की शरणागती?

तह आणि शरणागती यांतील भेद नीतिशास्त्राच्या पुस्तकांत सोपा दिसतो, व्यवहारात नाही. आम्हां धंतोलीकरांस समुद्र दूरचा; तरी या प्रश्नाचा उलगडा आम्हांस जहाजधंद्याच्या इतिहासात होतो. नागपुरात १८७७ साली एम्प्रेस मिल काढणाऱ्या जमशेटजी टाटांनी पुढे जपानच्या मार्गावर जहाजे घातली, पी. अँड ओ. कंपनीने भाडी पाडताच त्यांस तो उद्योग सोडावा लागला.

सोलापूरच्या व्यापारी घराण्यात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी नरोत्तम मोरारजी प्रभृतींसह १९१९ साली सिंदिया कंपनी स्थापिली, तेव्हा ब्रिटिश कंपन्यांनी तोच डाव टाकला. सिंदियाने स्वतःस विकण्याचे नाकारले. मात्र १९२३ साली किनाऱ्यावरील मालवाहतुकीपुरतेच राहण्याचा दहा वर्षांचा करार पत्करला.

ही शरणागती नव्हे काय? आमच्या मते नव्हे. मुदत संपल्यावर पुन्हा उभे राहण्याचे साधन ज्यात हाती उरते तो तह. जीत ते साधनच जाते ती शरणागती. जहाजे आपली राहिली, म्हणूनच १९४८ साली सिंदियाच्या विशाखापट्टणच्या कारखान्यातून 'जलउषा' पाण्यात उतरली. वालचंद १९५३ साली निवर्तले. बंधू लालचंद यांनी उद्योगांची धुरा वाहिली.

तथापि तहाचे मोल केवळ तह करणाऱ्याने ठरवू नये. बड्यांच्या पंगतीस बसलेल्याने बाहेर ताटकळणाऱ्या लहान जहाजवाल्यांकडेही पाहिले पाहिजे. स्वतः सोसलेला अन्याय दुसऱ्यावर न लादणे, ही तहाची दुसरी आणि अधिक कठीण कसोटी होय.