संदर्भनिर्देश : मोजदाद आणि मूल्य

‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ हे त्रैमासिक मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयाच्या व के. ई. एम. रुग्णालयाच्या अध्यापकवर्गाने १९५५ साली सुरू केले. त्याच वर्षी युजीन गारफील्ड यांनी ‘सायन्स’मध्ये संदर्भसूचीची कल्पना मांडली. एखाद्या शोधनिबंधाचा निर्देश नंतर कोणी कोणी केला हे कळले, तर त्यावर झालेली टीकाही अभ्यासकाला सापडेल आणि सदोष माहिती डोळे मिटून पुढे नेली जाणार नाही, हा त्यामागचा एक प्रमुख हेतू होता. म्हणजे मुळात हे समीक्षेचे साधन होते. ते प्रतवारीचे साधन कसे बनले, हा प्रश्न केवळ ग्रंथमितीचा नाही, मूल्यविचाराचा आहे.

‘इम्पॅक्ट फॅक्टर’ची रीत साधी आहे. मागील दोन वर्षांतल्या मजकुराला चालू वर्षी मिळालेले निर्देश त्या दोन वर्षांतल्या निबंधांच्या संख्येने भागायचे. गंमत अशी, की संपादकीये व पत्रे यांना मिळालेले निर्देश अंशात धरले जातात, पण ही पत्रे-संपादकीये छेदात येत नाहीत. चतुर संपादकाला यातून वाट काढता येते. परंतु लबाडी हा येथे गौण मुद्दा होय. मोजणी पूर्ण प्रामाणिक असली, तरी ती नेमके काय मोजते?

उपरोक्त त्रैमासिकाचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. नव्या शतकाच्या प्रारंभी ते महाजालावर सर्वांना विनामूल्य खुले झाले; लेखकांकडूनही शुल्क घेतले जात नव्हते. पुढे त्याच्याशी संबंधित अभ्यासकांनी निर्देशांची मोजदाद केली, तेव्हा १९९०च्या दशकातल्या जुन्या निबंधांचे निर्देशही अंक खुले झाल्यानंतर वाढल्याचे आढळले. त्या निबंधांतला एक शब्दही बदललेला नव्हता. निरीक्षणे, निष्कर्ष, उणिवा, सारे जसेच्या तसे होते. फक्त कपाटाचे कुलूप निघाले होते. निर्देशसंख्या हे गुणवत्तेचे माप मानले, तर कागदावर निपचित पडलेला निबंध दहा वर्षांनी अकस्मात गुणवान झाला असे म्हणावे लागेल. तसे म्हणणे हास्यास्पद असेल, तर खुले होण्यापूर्वीच्या अल्प निर्देशांवरून परळच्या त्या नियतकालिकाला कनिष्ठ ठरवणे हाही न्याय नव्हता, हे मान्य करणे भाग आहे. (हे कुलूप काढण्यात वाटा असलेली मुंबईचीच ‘मेडनो’ ही प्रकाशनसंस्था २०११ साली ‘वोल्टर्स क्लूवर’ या बहुराष्ट्रीय कंपनीने विकत घेतली. आंतरराष्ट्रीयतेचा हाही एक अर्थ.)

दुसरी अडचण निर्देशाच्या स्वरूपातच आहे. आपल्या शास्त्रपरंपरेत पूर्वपक्ष सविस्तर मांडला जातो तो खंडनासाठी. केवळ उल्लेख मोजले, तर चार्वाकाला न्याय-वेदान्ताच्या ग्रंथांत मानाचे पान द्यावे लागेल. लसीकरण आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा वेकफील्ड प्रभृतींचा निबंध ‘लॅन्सेट’ने १९९८ साली छापला, २०१० साली मागे घेतला, त्याचे निर्देश मात्र होतच राहिले, आणि त्यांतले पुष्कळसे निषेधाचे होते. बेरजेला निषेध कळत नाही.

साहित्यविचारात वाचक हा समीक्षकाहून व्यापक मानला जातो. ज्याने कधी एक ओळही लिहिली नाही, त्याच्या वाचनालाही कृतीच्या जीवनात स्थान असते. वैद्यकात ही गोष्ट अधिक गंभीर आहे. लेप्टोस्पायरोसिसवरचा निबंध वाचून पावसाळ्यात तापाच्या रुग्णाचे निदान वेळेत करणारा तालुक्याच्या गावचा डॉक्टर स्वतः निबंध लिहीत नाही. निर्देश करतात ते लिहिणारे. आणि लिहिण्याची सवड, अनुदान व इंग्रजीवरील हुकमत यांची वाटणी जगात रोगांच्या वाटणीप्रमाणे झालेली नाही. त्या डॉक्टरचे वाचन कोणत्याही सूचीत उमटत नाही, आणि बरा होऊन घरी गेलेल्या रुग्णाला तर असा काही निबंध होता, हेही ठाऊक नसते.