फूटभर बांध, मिलिमीटरभर माती

जुलै २०२२ च्या दुसऱ्या आठवड्यात वसमत तालुक्यातलं कुरुंदा टीव्हीवर दिसलं. रात्रीच्या पावसानं आसना नदीचं पाणी गावात शिरलं होतं. पाणी ओसरल्यावर घरात काय उरतं, हे पूर पाहिलेल्यांना सांगायला नको. धान्याच्या पोत्यांवर, गादीवर, चुलीत, सगळीकडे चिखल. तो फावड्यानं ओढून दाराबाहेर टाकायचा, एवढंच तेव्हा सुचतं. पण हा चिखल आदल्या दिवशीपर्यंत कुणाच्या तरी रानातली माती होता. ती गेली म्हणून कुणी कुणाकडे तक्रार केली?

आपल्याकडे जमिनीवरून होणारं सगळ्यात जुनं भांडण बांध कोरण्याचं. शेजाऱ्यानं नांगरताना बांधाला फाळ लावला की भावकी तुटते, मोजणी येते, तारखा पडतात, दोन पिढ्या बोलणं बंद होतं. आता साधा हिशेब करू. शंभर मीटर लांब, शंभर मीटर रुंद असं एक हेक्टर रान. शेजाऱ्यानं त्याच्या एका बाजूची फूटभर रुंद पट्टी फूटभर खोलीपर्यंत उचलून नेली, तर नऊ-दहा घनमीटर माती गेली. आणि पावसानं त्याच रानाच्या अंगावरून फक्त एक मिलिमीटर थर नेला, तरी दहा घनमीटर माती गेली. म्हणजे साधारण बारा-तेरा टन. पहिल्या गोष्टीसाठी आपण कोर्टात जातो, दुसरी आपल्याला दिसतही नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, आकार असतो. मातीची आजची जाडी नसते.

ध्रुव नारायण आणि राम बाबू यांनी १९८३ मध्ये देशाचा अंदाज मांडला होता : वर्षाला हेक्टरी सरासरी १६.४ टन. म्हणजे दर साल सव्वा-दीड मिलिमीटर. त्यांच्या हिशेबात यातली सुमारे २९ टक्के माती समुद्रात जाते, १० टक्के धरणांत बसते आणि ६१ टक्के नुसतीच इकडची तिकडे होते. ही ‘इकडची तिकडे’ म्हणजे खालच्याचं शेत, ओढा, गाव.

पाऊस आपल्या हातात नाही, हे खरं. धूप मोजण्याचं जे सूत्र जगभर वापरतात, ते विशमायर आणि स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञांचं. त्यात पाऊस, मातीचा प्रकार, उताराची लांबी-तीव्रता, जमिनीवरचं आच्छादन आणि बांधबंदिस्ती यांचा गुणाकार असतो. बेरीज असती तर पावसाकडे बोट दाखवून सुटता आलं असतं. गुणाकारात मात्र जमिनीवर काय उभं आहे यावर तोच पाऊस दुप्पट धोकादायक होतो किंवा निम्मा.

मराठवाड्यात जमिनीवर काय उभं आहे, ते एका पिढीत बदललं. गायरानं फुटली, ज्वारीचं रान सोयाबीननं घेतलं, वसमत तर हळदीची पेठच. सोयाबीनचं पान एकमेकाला भिडून जमीन झाकायला दीड महिना लागतो. नेमका तेवढाच काळ, जून-जुलैचे टपोरे थेंब उघड्या मातीवर आपटतात. हळदीचे वाफे उताराच्या दिशेनं काढले तर प्रत्येक सरी ही छोटी नाली होते. ट्रॅक्टरला वळायला जागा हवी म्हणून मधले बांध मोडले. (जुना काळ निर्दोष होता असं मात्र नाही. रब्बीच्या ज्वारीसाठी काळं रान पावसाळाभर वखरून उघडं ठेवलं जायचं, तेव्हाही माती जायचीच.) कुरुंद्याच्या त्या रात्रीचा पाऊसच प्रचंड होता, सगळा दोष वरच्या शेतांच्या माथी मारणं खोटं ठरेल.

पण मग दोष कुणाचा? ब्रिटिश तत्त्वज्ञ डेरेक पारफिट यांनी १९८४ मधल्या ‘रीझन्स अँड पर्सन्स’मध्ये एक विचित्र उदाहरण घेतलं आहे. हजार छळणारे, हजार बळी. प्रत्येक छळणारा एक बटण दाबतो आणि प्रत्येक बळीची वेदना इतकी थोडी वाढवतो, की त्या वाढीनं फरक पडला असं कुणालाच जाणवत नाही. शेवटी वेदना असह्य होते आणि प्रत्येक जण म्हणतो, मी तर कुणाला काहीच केलं नाही. पारफिट म्हणतात, जाणवत नाही म्हणून ते कृत्य निर्दोष होत नाही. मला हे पटतं. पण इथे ते अर्ध्यावरच थांबतं. पारफिटचे छळणारे मजेत बसलेले आहेत. आपल्या गोष्टीतला वरच्या अंगाचा शेतकरी बहुधा मुरमाड, उताराच्या दोन-तीन एकरांवर जगतो. त्याचं बटण म्हणजे कर्जाचा हप्ता. आणि माती पहिल्यांदा त्याचीच जाते.

त्याला सांगायचं, की बांधाला गवताची पट्टी सोड, उताराला आडवं पेर, तीन-चार तास सोयाबीनचे कमी कर. कशासाठी? पाच मैलांवरच्या कुणाच्या घरात चिखल जाऊ नये म्हणून. जो बटाईनं एकाच सालासाठी रान करतो, त्यानं तर दहा वर्षांनी उपयोगी पडेल असा बांध का घालावा? ते काम मालकाचं. मालक तालुक्याला राहतो.

याच शास्त्राच्या भाषेत एक शब्द आहे, ‘सहनीय धूप’. हेक्टरी अकरा टनांपर्यंत चालते असं जुनं अमेरिकन माप आहे. पण ते ठरलं त्या शेताच्या उत्पन्नावरून. खालच्या माणसाला किती सहन होईल, हा प्रश्न त्यात नाहीच. माझ्या मते कर्तव्याचा हिशेब तिथून सुरू व्हायला हवा. वरच्यानं सोडलेल्या गवताच्या पट्टीचं पीक खालच्यांनी, म्हणजे गावानं आणि सरकारनं, भरून द्यावं. पुरानंतर पंचनामे होतात. शेतात तीन इंचांहून जास्त गाळ साचला तर तो काढायला मदत मिळते. तीन इंच येण्याआधी कुठून तरी मिलिमीटर-मिलिमीटर गेलेले असतात, त्यांचा पंचनामा नसतो. भरपाई देणारेच आधी दिलेल्या मोबदल्याला मात्र ‘फुकट’ म्हणतात.

आसना नांदेडजवळ गोदावरीला मिळते, गोदावरी पुढे तेलंगणात श्रीरामसागर धरणात जाते. ११२ टीएमसीचं ते धरण १९९४ च्या मोजणीत ९० च्या आसपास भरलं. उरलेल्या जागेत आपण आहोत. इकडे २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तलावातला गाळ शेतकरी ट्रॉल्या भरून नेतात. मे महिन्यात तलावाच्या काठावर रांग लागते. डिझेलचा खर्च, ट्रॉलीमागे किती ब्रास, कुणाचा नंबर आधी, यावर घासाघीस होते, कधी हमरीतुमरीही. हा गाळ मुळात कुणाच्या रानाचा, यावरून तिथे भांडण झालेलं मी अजून ऐकलेलं नाही.